उजव्या कडेचे मिस्टर

मिस्टर कधी मधून चालले नाहीत. फुटपाथ रिकामा असो, दुबईतल्या आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या गल्लीत दुपारी चिटपाखरू नसो, हा माणूस आपला उजव्या कडेनंच जायचा. लिफ्टमध्ये एकटे असले तरी उजव्या कोपऱ्यात उभे. आमच्याकडे आले की तीन माणसांच्या सोफ्यावर उजव्या टोकाला वीतभर जागा घेऊन बसायचे, अर्धे आत, अर्धे बाहेर. आई तेव्हा व्हिजिटवर तीन महिने आमच्याकडे आली होती. ती मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "अरे, त्या बिचाऱ्याला नीट बसायला सांग. लाजतोय बघ किती!" मी जाऊन सांगितलं. मिस्टर गंभीरपणे म्हणाले, "मधे गर्दी असते." सोफ्यावर ते एकटेच होते.

हे गृहस्थ इटलीचे. पोटापाण्यासाठी फुटबॉल खेळलेले, आणि तेही विंगर म्हणून. आता तुमच्यातल्या क्रिकेटवाल्यांसाठी सांगतो, कारण मीही त्यातलाच. राइट विंगरनं उजव्या पांढऱ्या रेषेच्या कडेनं बॉल घेऊन सुसाट पळायचं, आडवा येईल त्याला चकवायचं आणि मधे उभ्या असलेल्या आपल्या माणसापुढे बॉल अलगद आणून टाकायचा. गोल तो मधला करतो. मिठ्या त्याला मारतात, फोटो त्याचा छापतात. विंगर तिकडे कोपऱ्यात गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत उभा असतो. मिस्टरांनी अठरा वर्षं हा उद्योग केला.

त्यांच्याकडे फुटबॉलच्या कोचला 'मिस्टर' म्हणतात. बिल्डिंगमधली पोरं त्यांच्याकडे शिकायला जायची, ती तसंच हाक मारायची, म्हणून आम्हीही. बायकांची मात्र पंचाईत झाली. "आमचे मिस्टर संध्याकाळी मुलांना पळवतात" असं मेधा, म्हणजे माझी बायको, एकदा फोनवर तिच्या मावशीला बोलून गेली, तेव्हा मावशीनं आनंदानं विचारलं, "अगंबाई, सुटलेलं पोट कमी झालं का मग?"

चौदा क्लब! अठरा वर्षांत चौदा क्लब बदललेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. आमच्या ऑफिसात तीन नोकऱ्या बदललेल्या माणसाकडे एचआर संशयानं बघतं. मिस्टरांचं म्हणणं असं, की त्यांनी एकही बदलला नाही, त्यांनाच पाठवलं गेलं. एका क्लबचा खेळाडू दुसरा क्लब हंगामापुरता उसना नेतो म्हणे. आमच्या बिल्डिंगमधली शिडी अशीच फिरते. कोणाची आहे ते कोणालाच नक्की आठवत नाही, पण पडदे लावायचे असले की ती लागते. मी हे त्यांना सांगितलं तर त्यांना भयंकर आवडलं. पुढे वॉचमनकडे शिडी दिसली की ते तिला हात लावून म्हणायचे, "चाओ, कलीग!"

सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये ते एकाच हंगामात खेळले. त्या हंगामातलं एक वर्तमानपत्राचं कात्रण त्यांच्या पाकिटात होतं. त्यात गोल करून हवेत उडालेला एक देखणा खेळाडू, त्याच्यामागे वेडं झालेलं पब्लिक, आणि फोटोच्या अगदी कडेला, कोणाचा तरी एक कोपरापर्यंतचा हात. "हा मी," मिस्टर हाताकडे बोट दाखवून म्हणाले. मी म्हटलं, "अहो, चेहरा कुठाय?" तर म्हणाले, "पुढच्या पानावर जाहिरात होती."

मग चौतिसाव्या वर्षी ते इकडे आले, उत्तरेकडच्या एका अमिरातीतल्या लहानशा क्लबात. दुसऱ्याच वर्षी गुडघा गेला. ऑपरेशन झालं, गुडघा बरा म्हणावा इतपत झाला, आणि एका सकाळी फोन आला, थँक यू हबीबी, खलास. झालं. अठरा वर्षांचा हिशेब दीड मिनिटात. तेव्हापासून ते आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका खोलीत राहायचे आणि संध्याकाळी एका अकॅडमीत पोरांना शिकवायचे.

आमची दोस्ती जमली ती वरणभातामुळे. एकदा ते इशानला, म्हणजे माझ्या मुलाला, घरी सोडायला आले तेव्हा मी जेवत होतो. मऊ भात, पिवळं वरण, वर तूप, लिंबू. मिस्टर दारातच थांबले. "मॅच आहे का आज?" त्यांनी विचारलं. त्यांच्याकडे म्हणे मॅचच्या आधी असंच काहीतरी साधं, पांढरं, बिनमसाल्याचं खातात. पास्ता, तेल, वर किसलेलं चीज, बस. मेधानं ताट वाढलं. त्यांनी चव घेतली, डोळे मिटले, आणि दोन वेळा घेतलं. त्यानंतर ते अकॅडमीतल्या पोरांच्या आयांना गाठून सांगायचे, "मॅचच्या आधी बर्गर नाही. वरान-बात." त्यात इजिप्तच्या, सीरियाच्या, रशियाच्या आया होत्या. त्यातल्या दोघीतिघी मेधाला भेटून रेसिपी घेऊन गेल्या. उलट इशाननं एकदा त्यांच्यादेखत पास्त्यावर टोमॅटो केचप ओतलं, तर मिस्टर ताडकन उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. "ही नीड्स अ मिनिट," इशान शांतपणे म्हणाला आणि केचप घालत राहिला.

आता आमच्या टीमबद्दल. आमचं एक मराठी मंडळ आहे. मी त्याचा चिटणीस. मिस्टर मला नावानं कधी बोलावत नसत, 'सेक्रेटरी'च म्हणायचे. दर जानेवारीत पलीकडच्या बिल्डिंगांमधल्या मल्याळी मंडळींबरोबर आमची सात-सात जणांची फुटबॉल मॅच असते. मैत्रीपूर्ण म्हणतात तिला. त्यांचा कॅप्टन बिजू, हॉस्पिटलात नर्स आहे, स्वभावानं लोणी, पण मैदानात दया नाही. आम्ही कधी नऊ-शून्य हरायचो, कधी अकरा-शून्य. आमचे गोलकीपर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष सावंतसाहेब, कॉन्ट्रॅक्टिंगच्या धंद्यातले बडे गृहस्थ. अध्यक्षांना पळायला कसं सांगायचं, म्हणून त्यांना गोलमध्ये उभं केलेलं. ते बॉल अडवण्यापेक्षा जाऊ देणं पसंत करायचे.

शेवटी मी मिस्टरांना साकडं घातलं. ते हसत हसत तयार झाले. आम्ही उत्साहानं बूट घेतले, साडेचारशे दिरहम, म्हणजे दहा हजार रुपये, अरे देवा! आणि पहिल्या शनिवारी मैदानावर गेलो तर मिस्टरांनी बॉलच आणला नव्हता. तीन आठवडे आणला नाही. नुसतं रेषेच्या कडेनं पळायला लावलं. सावंतसाहेब चिडले. "अहो मिस्टर, बॉल कुठाय बॉल?" मिस्टर म्हणाले, "बॉल येईल. आधी तुम्ही पोहोचा." हे त्यांचं वाक्य. इंग्रजीत म्हणायचे, वर 'चला चला, यल्ला' जोडायचे. आम्ही पोहोचत नव्हतो ही गोष्ट वेगळी. इशान कुंपणाला टेकून बघत होता. मला म्हणाला, "बाबा, यू रन लाइक अ शॉपिंग ट्रॉली." पोटच्या पोरानं असं म्हणावं! पण मिस्टरांनी त्याला गप्प केलं. म्हणाले, "तुझे बाबा पळतायत ना? मग बघ त्यांच्याकडे." तेव्हा त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, ते मला कळायला डिसेंबर उजाडला.

डिसेंबरातल्या एका शनिवारी सराव संपल्यावर सगळे पांगले आणि आम्ही दोघं कडेला पाणी पीत बसलो. मिस्टरांनी सांगितलं की ते फेब्रुवारीत कायमचे परत चाललेत. त्यांच्या गावात दहा वर्षांखालच्या मुलांना शिकवायची नोकरी मिळाली होती. मला धक्काच बसला. मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "सेक्रेटरी, एक मागणं आहे."

त्यांची एक मुलगी होती, मार्ता, अकरा वर्षांची. आईबरोबर इटलीत राहायची. ते इकडे आले तेव्हा चार वर्षांची होती. "तिनं मला खेळताना कधी पाहिलं नाही," ते म्हणाले. "एकदा आणली होती मैदानावर, दोन वर्षांची असताना. झोपली. मग इकडे आलो, मग हा गुडघा. शाळेत तिला विचारतात वडील काय करतात, तर ती काय सांगते माहीत आहे? मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडतात." हे सांगताना ते हसले, पण मला काही हसू येईना. नाताळच्या सुट्टीत मार्ता पहिल्यांदा दुबईला येणार होती, आणि आमची मॅच सुट्टी संपायच्या आधीच्या शनिवारी होती. "मला खेळू दे. उजव्या कडेला. डॉक्टर नको म्हणतात, पण एक तास निघेल. तिनं एकदा बघावं, बस. आणि हे कोणाला सांगू नकोस. सगळे माझ्याकडेच बॉल देतील."

मी त्यांचा हात हातात घेऊन वचन दिलं. अगदी मनापासून.

आणि मग मंडळाची मीटिंग झाली. मिस्टर चाललेत म्हटल्यावर सावंतसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "सत्कार नको? असंच पाठवायचं माणसाला? लोक काय म्हणतील?" सत्कार हवाच, यावर कोणाचंच दुमत नव्हतं, माझंही नव्हतं. आपल्या माणसावर जीव जडला की आपण दुसरं करणार काय? शाल आणतो. ठरलं असं, की मॅचच्या आधी, मैदानावरच, सुटसुटीत कार्यक्रम करायचा. दहा मिनिटं. 'सुटसुटीत' हा शब्द मीच मिनिट्समध्ये लिहिला.

मैदान आठ ते नऊ बुक होतं. ही मैदानं तासावर मिळतात आणि नऊ म्हणजे नऊ. सकाळची हवा छान गार होती. मिस्टर पावणेआठलाच येऊन बसले होते, पायात घासून पुसून लख्ख केलेले जुने बूट, गुडघ्याला पट्टा. शेजारी मार्ता. लांब वेणी, हातात फोन, चेहऱ्यावर कंटाळा. आठला बिजूची टीम आली. आठला आमचं दीपप्रज्वलनही सुरू झालं. मोकळ्या मैदानावर वारा! समई काही केल्या पेटेना. चार जणांनी आडोसा धरला, पाचव्यानं लायटर. मग बायकांचं स्वागतगीत, तीन कडव्यांचं. मग प्रास्ताविक. मग मिस्टरांना कोल्हापुरी फेटा, तो बांधणारे कुलकर्णी यूट्यूब बघून शिकलेले, दोनदा सुटला. शाल, श्रीफळ. मग पाहुण्या संघाला काहीच नाही हे बरं दिसेना म्हणून बिजूच्या सातही खेळाडूंना एकेक गुलाब, आणि गुलाब घेतल्यावर बिजूला दोन शब्द बोलणं भागच पडलं. सावंतसाहेब तर आपण दुबईत कसे आलो इथपासून सुरू झाले.

पण खरा गुन्हेगार मी. परिचय माझ्याकडे होता. चार पानं. चौदाही क्लब मी शोधून काढले होते, सालासकट. सबंध मैदानात मला एकट्याला माहीत होतं की या माणसाला हा एक तास कशासाठी हवाय. वचन दिलेला मी! पण माईक हातात आला की माझं जे होतं ते झालं. नवव्या क्लबाशी मी एक विनोद केला, तो पडला, म्हणून दहाव्याशी दुसरा केला. समोर मिस्टर फेटा सावरत बसले होते आणि सारखे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, भारावलेत. मार्ता खाली बसून त्या नकली गवताची पाती उपटत होती.

आभारप्रदर्शन संपलं, टाळ्या झाल्या, आम्ही उत्साहानं मैदानात शिरलो, आणि मैदानाचे रखवालदार खानसाहेब गळ्यातली शिट्टी वाजवत आले. "टाइम खलास, सर." मी घड्याळ बघितलं. नऊला दोन मिनिटं कमी. फाटकातून कुठल्याशा ऑफिसची टीम बॉल आपटत आत येत होती. मी खानसाहेबांच्या हातापाया पडलो, त्या टीमच्या मॅनेजरच्या पडलो. तो म्हणाला, सॉरी ब्रदर, आम्ही शारजाहून आलोय.

मी मागे वळलो. मिस्टर खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. डोक्यावर फेटा, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मला म्हणाले, "नो प्रॉब्लेम, सेक्रेटरी. सुंदर कार्यक्रम." ते रागावले असते तर बरं झालं असतं. मला इतकी लाज उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. मी मेधाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं, मुलीचं, कोनांचं, वचनाचं.

मेधानं माझ्याकडे असं काही पाहिलं की मी दोन पावलं मागे सरलो. "आणि हे माहीत असून तू चौदा क्लब वाचलेस?" मग तिनं पदर खोचला आणि अख्ख्या मंडळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मैदान गेलं तर गेलं! बाहेर एवढी वाळू पडलीय ना? दुबईत राहून खेळायला जागा शोधताय होय? उचला त्या खुर्च्या!"

मैदानामागे मोकळी वाळू होती, लोक तिथे गाड्या लावायचे. शनिवारी अर्धी रिकामी. पाच मिनिटांत सगळी वरात तिकडे. सत्काराच्या पाहुण्यांच्या खुर्च्या गोलपोस्ट झाल्या. बायका पैठण्या सावरत गाड्यांच्या बाजूनं ओळीत उभ्या राहिल्या. बिजूच्या माणसांनी गुलाब एका गाडीच्या बॉनेटवर नीट ओळीनं ठेवले. मिस्टरांनी नाड्या पुन्हा बांधल्या, फेटा उतरवला, शाल मार्ताच्या खांद्यावर टाकली, नारळ तिच्या हातात दिला आणि उजव्या कडेला जाऊन उभे राहिले.

मग आम्ही पाहिलं.

काय सांगू तुम्हाला! एकेचाळीस वर्षांचा माणूस, पट्टा बांधलेला गुडघा, पायाखाली ओढून धरणारी वाळू. पण बॉल त्यांच्याकडे गेला की बाकीचे सगळे हळू झाल्यासारखे वाटायचे. समोर बिजूचा एक तगडा पोरगेला मेकॅनिक होता. मिस्टर त्याच्यासमोर थांबले, खांदा एकीकडे गेला, तोही तिकडे गेला, आणि बॉल घेऊन मिस्टर दुसरीकडून निघून गेले. तो मेकॅनिक स्वतःच टाळी वाजवायला लागला. प्रत्येक वेळी बॉल उचलून मधे यायचा, बरोबर माझ्या पुढ्यात, मी पोहोचायचो नाही. पाच वेळा नाही पोहोचलो. सहाव्या वेळी पोहोचलो, तर पायाऐवजी बॉल माझ्या कपाळावर बसला, चष्मा उडाला आणि कोणीतरी ओरडलं, "गोल!" मला तो दिसलाच नाही, चष्मा शोधत होतो. आम्ही सहा-दोन हरलो. सावंतसाहेब गोलमध्ये होते, याहून वेगळं काय होणार? पण ऊन चढेपर्यंत खेळलो, आणि घड्याळ कोणीच बघितलं नाही.

शेवटी शेवटी मिस्टर लंगडायला लागले. मला जवळ बोलावलं. "सेक्रेटरी, राइट साइड तुझी," म्हणाले आणि बाहेर गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, बिजूच्या लोकांनीसुद्धा. ते मार्ताच्या शेजारी वाळूत बसले. मी त्यांच्या जागी धावायला लागलो, म्हणजे ट्रॉली धावते तसा, आणि तिकडे पाहिलं तर ती मुलगी फोन-बिन विसरून जोरजोरात त्यांना काहीतरी सांगत होती. दोन बोटांनी हवेत पळून दाखवत होती, मध्येच त्यांच्या पायावर चापटी मारत होती. मिस्टर मान खाली घालून ऐकत होते. माझ्या बाजूनं बॉल निघून गेला, बिजूचा सहावा गोल झाला, मला त्याचं काहीच वाटलं नाही.

फेब्रुवारीत मी त्यांना एअरपोर्टला सोडलं. एकच सुटकेस, वर मेधानं दिलेली तूरडाळ. ट्रॉलीवर सामान चढवताना न राहवून मी विचारलं, "मिस्टर, त्या दिवशी मार्ता एवढं काय सांगत होती हो?"

मिस्टर उगाच सुटकेसचा पट्टा घट्ट करत राहिले. मग म्हणाले, "म्हणाली, पप्पा, तू सगळं उजव्या पायानंच करतोस. डावा पाय नुसता उभं राहायला ठेवलायस." ते हसायला लागले. हसताना त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांना काही सुचत नव्हतं. "सतरा वर्षांचा होतो, तेव्हापासून प्रत्येक कोच मला हेच सांगत आला, सेक्रेटरी. म्हणजे तिनं नीट पाहिलं."